माझ्या नावचं रक्त

३ मार्च
लायसन्स गेलं! पोलिसाची मोटारसायकल उभी होती, माझी गाडी हळू होती, धक्का तो केवढा — पण त्याचा आरसा फुटला. तोंडापुढे यंत्र धरून म्हणाला, फुंका. फुंकलं. माझी फुंकर इतकी दमदार आहे हे आजच कळलं.
बायको म्हणाली, "ताईचे यजमान बघा!" लग्नापासून तेच बघतोय. साडू थेंबाला शिवत नाहीत. सरबत दिलं तरी आधी वास घेतात.

४ मार्च
धाकटीला शाळेत कोण सोडणार? साडूच! पलीकडच्या गल्लीत राहतात, मीच विनंती केली. "तुमची मुलगी ती माझी मुलगी," म्हणाले. वर संयमावर पाऊण तास ऐकवलं.

५ मार्च
धाकटी सांगत होती — काकांनी शाळा मागेच टाकली, मग गर्रकन गाडी वळवली! गाडीत लवंगांचा वास येतो म्हणे. बायको म्हणाली, "विचारात असतात ते. तुमच्यासारखं नाही."

७ मार्च
लायसन्स परत हवं तर रक्त तपासून द्यायचं. मला वाटलं, दोन दिवस कोरडा राहीन, झालं! वकील हसला. "श्वास कालचं सांगतो. रक्त मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतं — रोजची किती, तेसुद्धा."
चुगलखोर! माझ्याच अंगात राहून!
संध्याकाळी थोडीशी घेतो मी. मोजत नाही, कारण मोजण्याइतकी नसते. पण लायसन्स नाही तर नोकरी नाही. फिरतीचा विक्रेता पायी काय विकणार, डोंबल?

८ मार्च
रक्तच हवंय ना? मग माझंच कशाला? साडूंचा बांधा माझ्यासारखा, टक्कलही. आणि लायसन्सच्या झेरॉक्सवरच्या फोटोत मी मलाच ओळखू येत नाही.
साडू आधी भडकले. "ही फसवणूक आहे!" मी म्हटलं, तुमच्याएवढं शुद्ध रक्त आख्ख्या घराण्यात नाही. विरघळले! "चार दिवसांनी जाऊ, जरा कामं आहेत." रक्त किती मागचं सांगतं ते मी बोललो नाही — उगाच पुन्हा संयमावर घसरले असते.

१२ मार्च
दिलं! नर्सने फोटोकडे पाहिलंही नाही. साडूंचे हात मात्र लटलट कापत होते, कपाळावर घाम. एवढा मोठा माणूस आणि सुईला भितो! बाहेर बाकावर बसून पोट धरून हसलो.

१७ मार्च
डॉक्टरने समोर बसवलं. "किती वर्षं पिताय?" छाती काढून म्हटलं, थेंबही नाही. त्याने रिपोर्ट सरकवला. मर्यादेच्या कितीतरी पट! "हे एका पार्टीचं नाही. रोजचं आहे, भरपूर आहे. लायसन्स विसरा, यकृत सांभाळा."
अहो, इतकी तर मीसुद्धा पीत नाही!
अगदी ओठांवर आलं होतं, रक्त माझं नाही म्हणून. गिळलं. सांगणार कुणाला आणि कसं?
घरी बायको रडली. "भावोजींकडून शिका काहीतरी!" मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, नाहीतर खदाखदा हसलोच असतो. नोकरी जाणार, ठाऊक आहे. पण लग्नापासूनचं सगळं वसूल झालं! झोपेतही हसत होतो म्हणे.

१८ मार्च
सकाळी खाली हॉर्न वाजला. "आले काकाऽ" म्हणत धाकटी धावली. माझ्या हातात चहा. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला — गाढवा, काल कशाला हसत होतास!
अनवाणी उतरलो. गाडीपुढे उभा राहिलो, धाकटीला बाहेर ओढलं. साडूंच्या तोंडाला लवंगेचा वास.
बायको खिडकीतून ओरडली, "अहो, सकाळी सकाळी प्यायलात की काय?"
"खाली ये," म्हटलं. "तो रिपोर्ट घेऊन ये. आणि तुझ्या ताईलाही बोलाव."