मुळ्याच्या वाफ्यातलं पाणी

१० नोव्हें. ५५, रेवदंडा
दुपारी घरी. सरांनी सुट्टीपुरता दिलेला मायक्रोस्कोप लाँचमध्ये मांडीवरच धरून बसलो. दादाची मंगल ओळखू येईना. पाच वर्षांची पोर, हातपाय काटक्या, पोट नगारा. आई म्हणते, "चोरून गोड खाते. गोडानं जंत होतात." म्हणून दिवाळीत तिला लाडू-करंजी बंद! डबा फळीवर, मं. खाली उभी. मूर्खपणा. शुद्ध मूर्खपणा.

११ नोव्हें.
सकाळी वाडीत. रहाट चालू, पाटाला पाणी. आईनं दादाच्या धाकट्याला, बाब्याला, पाटावर दोन्हीकडे पाय टाकून शीला बसवलं. "वाहून जातं. हात लावायला नको."
वाहून जातं कुठं? पुढं मुळा, कोथिंबीर! आम्ही सगळे असेच वाढलो. मीसुद्धा. शी!
आणि मं. तोच मुळा उपटते, फ्रॉकला पुसते, कचाकचा खाते. ते चालतं. तिखट मुळ्यानं जंत मरतात म्हणे!!

१२ नोव्हें.
वाफ्यातली माती पाण्यात ढवळली, थेंब काचेवर. दिसली! वहिनीला हाक मारली. एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिली.
"अगोबाई, भावजी, बारके फणसच की हो!"
"जंतांची अंडी ती. हीच मंगलच्या पोटात जातात."
एकदम मागं सरली. निवडायची कोथिंबीर सुपात तशीच राहिली.
बाबा म्हणाले, "त्या नळीत घातलंस तर देवाचं तीर्थ बी वळवळंल." सगळे हसले. दादासुद्धा.
म्हटलं, कुंपणाशी खड्डा खणू, पोरांना तिथं बसवा. बाबा: "ल्हान पोराची घाण म्हंजे काय घाण हाय? तुला बी याच पाटावर बसवला. मेलास?"
इंग्लिश शाळेत घातलं कशाला मग मला!

१४ नोव्हें.
मं. ओकली. त्यात जंत. लांब, पांढरट, जिवंत. आई खूष. "निघाला एकदाचा!" डॉक्टरला दाखवू म्हटलं, तर "सणाचं?" रागानं जेवलो नाही. कुणी विचारलंही नाही.

१५ नोव्हें.
पोट दगड. हिरवं ओकते. शी बंद. आणि आईनं पहाटे एरंडेल पाजलंच! वाटी हिसकावून फेकली, पण रिकामीच होती ती. दादावर ओरडलो, जन्मात पहिल्यांदा. "तुझी पोर आहे ना? मग ऊठ!"
छकडा जोडला. अलिबागपर्यंत मं. माझ्या मांडीवर. "काका, बरं वाटलं की करंजी देशील?"
देईन म्हटलं.

१६ नोव्हें., अलिबाग
ऑपरेशन झालं. डॉ.नी एनॅमलचा ट्रे पुढं केला. भिजल्या सुतळीचा गुंता जणू. त्यानं आतडं तुंबलेलं. दादा भिंतीला टेकून खालीच बसला.
डॉ. म्हणाले, "वाचेल. पण घरी जाऊन पुन्हा तेच पोटात गेलं, तर मला बोल लावू नका."
तिला नाही, आम्हाला कापायला हवं होतं.

२७ नोव्हें.
मं. घरी. अर्धी करंजी खाल्ली. मी मुळ्याचा वाफा उपटून टाकला. बाबा बोलत नाहीत. नाहीत तर नाहीत. खड्डा एकट्यानं खणला, हाताला फोड. उद्या निघायचं.

२८ नोव्हें., लाँचमध्ये
सकाळी रहाट सुरू. आई बाब्याला घेऊन पाटाकडे. सवयच. वहिनी चुलीपुढून उठली, आईच्या हातातून पोर घेतलं, कुंपणाकडे चालू लागली.
ओसरीवरून बाबा: "सूनबाई! कुठं चाललीस त्याला घेऊन?"
थांबली. पदर सावरला. मागं वळेना, पुढंही जाईना. बाब्या कडेवर रडतोय.
दादा बाबांशेजारीच, सुपारी कातरत. माझ्या जिभेवर आलेलं, अरे बोल की! पण मी ओरडलो असतो तर पुन्हा माझंच खूळ झालं असतं.
धक्क्याकडे जाणाऱ्या एस.टी.चा हॉर्न वाजला. पिशवी उचलून निघालो. फाटकातून पाहिलं. वहिनी तिथंच. दादाचा अडकित्ता थांबला होता. एवढंच दिसलं.