मन : वरीलप्रमाणे

रुपीनगर, तळवडे
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कांस,
रश्मीचा सविनय जयभीम. वि. वि.

यांची संध्याकाळची गोळी कालपासून बंद झाली आणि सोमवारी २४ तारखेला हे कामावर हजर होणार, हे नक्की झालं. डॉक्टर मॅडमनी काल मला आत बोलावून स्वतः सांगितलं. २२ तारखेला एकदा दाखवायचं, त्या दिवशी त्या कंपनीसाठी फिटनेसचा दाखला लिहून देतील. तुमचा भाऊ शेजारी बसून मान हलवत होता, जणू दुसऱ्याच कुणाच्या तब्येतीबद्दल बोलणं चाललंय.

ही बातमी फोनवरही सांगता आली असती. पण फोनवर भाऊ बरंय म्हणून मोकळा होतो, त्यापेक्षा पत्र लिहा, असा तुमचा दिवाळीपासूनचा हुकूम आहे. माहेरी मी कधी पोस्टकार्ड लिहिलं नाही, ते सासरी लिहायला लागलंय, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली की नणंद असावी तर अशी. हे तिने कौतुकाने म्हटलं की कसं, ते मी विचारलं नाही.

सप्टेंबरात हे महाळुंग्याच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनसमोर पाना हातात धरून अर्धा तास नुसते उभे राहिले होते. सोबत काम करणाऱ्या ज्योतीराम भाऊंनी रिक्षात बसवून घरी आणलं, तेव्हा स्वतःच्या घराची बेल यांनी वाजवली नाही, भाऊंनीच वाजवली. तो दिवस आठवला की कालच्या बातमीवर विश्वास बसत नाही. मॅडम म्हणतात की वहीचा खूप उपयोग झाला. डिसेंबरपासून हे ती लिहितात. रोज तीन वेळा, त्या त्या वेळी जसं वाटेल तसं लिहायचं. मनाला दहापैकी आकडा द्यायचा, मग झोप, जेवण, आणि शेवटचा रकाना कारणाचा. यांनी पट्टीने असे रकाने आखलेत की इतकी देखणी वही आजवर कुणी आणली नव्हती, असं मॅडम हसत म्हणाल्या. काल त्यांनी चार आठवड्यांचे आकडे पाहिले. सात, सात, आठ, सात. त्यावरूनच गोळी कमी केली.

तुम्हालाही बघायला मिळावं म्हणून संक्रांतीच्या आठवड्याच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. यांना विचारलं नाही. रागावले तर तुमच्या नावावर ढकलीन.

गुडघ्याला जपा. तुमचा जीव आमच्यावर आहे तसाच राहू द्या.

आपली,
रश्मी


मुलींचं वसतिगृह, अहमदपूर
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

चि. भीमराज यास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

रश्मीने तुझ्या वहीचं एक पान पाठवलं. तिच्यावर चिडू नकोस, तिने आनंदाने पाठवलं आहे. मी ते तीनदा वाचलं. रकाने उत्तम आहेत. सोमवारी तू मनाला सात दिलेस आणि कारणात लिहिलंस, ठीक. मंगळवार ते रविवार कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे : वरीलप्रमाणे.

माझी नोकरी रजिस्टरांवर चालते, हे तू विसरलास. आमच्याकडे जयमाला नावाची दहावीची मुलगी हजेरी लिहिते. अक्षर मोत्यासारखं. मागच्या वर्षी तिने पूर्ण आठवड्याची हजेरी शनिवारी एका बैठकीत लिहिली, आणि जी पोर काविळीने बुधवारपासून घरी होती, तिलाही रोज हजर दाखवलं. मला ते नावावरून कळलं नाही, शाईवरून कळलं. सात दिवस माणूस एकाच तिरपेपणाने लिहीत नाही बाबा. कधी घाई असते, कधी पेन बदलतो, कधी वरणाचा डाग पडतो. तुझ्या पानावर डागसुद्धा नाही.

तुझं १७ जानेवारीचं पत्र माझ्याकडे आहे. त्यात तू लिहिलंस की गुरुवारी दाढी करायला सलूनमध्ये गेलो, दोन गिऱ्हाइकं पुढे होती, तेवढं थांबवेना म्हणून परत आलो आणि संध्याकाळपर्यंत पांघरूण घेऊन पडलो. त्याच गुरुवारी वहीत आठ आहेत. कारण, वरीलप्रमाणे. दहापैकी आठ मिळवणारा माणूस निम्मी दाढी घेऊन घरी येत नाही.

मी रश्मीला अजून काही कळवलेलं नाही. आधी तू सांग. कुणाला दाखवायला नाही, मला सांग.

रागावायचं असेल तर खुशाल रागाव, पण ते पानभर लिहून रागाव. माया आहे ती आहेच.

तुझी,
आक्का


रुपीनगर, तळवडे
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र काल मिळालं. दाढी निम्मी नव्हती, सुरूच केली नव्हती. एवढी एक दुरुस्ती. बाकी तू लिहिलंस ते बरोबर आहे. वही मी शनिवारी भरतो, पुढच्या रविवारसकट, चहा संपेपर्यंत होते.

हे मी घरी शिकलो नाही. कंपनीत प्रत्येक मशीनला एक चेकशीट टांगलेली असते. तेल, हवेचा दाब, गार्ड, सेन्सर, अशा बारा ओळी, आणि समोर रोज बरोबरची खूण करायची. रोज कुणीच करत नाही. शनिवारी शिफ्ट सुटायच्या आधी पूर्ण आठवड्याच्या खुणा एका दमात होतात. ज्योतीराम भाऊ म्हणतो की राव, कागद पूर्ण पाहिजे, मशीनकडे आपण बघतोच आहोत. आणि खरोखर बघतोही. पण कागद वेगळा आणि मशीन वेगळं, ही सवय पंधरा वर्षांची आहे. मॅडमनी वही दिली तेव्हा मला ती चेकशीटच वाटली.

तरी पहिले अकरा दिवस खरं लिहिलं. बाराव्या दिवशी दुपारी मनाला तीन दिले. कारणात लिहिलं की खिडकीत बसलो होतो, खालून पाण्याचा टँकर गेला, आणि मला उठवेना. वही टेबलावर राहिली. रश्मीने ती वाचली. दुसऱ्या दिवशी तिने कामावर सुट्टी टाकली आणि दिवसभर माझ्या मागे मागे फिरली. मी बाथरूममध्ये गेलो तरी बाहेरून विचारायची की टॉवेल देऊ का. संध्याकाळी ती माझ्यापेक्षा जास्त दमलेली दिसली. तेव्हा ठरवलं की या घरात तीन लिहायचे नाहीत. चेकशीटवर फुली मारली की लाइन थांबते, चार माणसं येऊन उभी राहतात, आणि ज्याने फुली मारली त्यालाच विचारतात की तू काय केलंस.

मॅडमनी आकडे पाहून पाठ थोपटली तेव्हा ऑडिट पास झाल्यासारखं वाटलं. गोळी बंद, हे मला बाहेर रिक्षात बसल्यावर कळलं.

आता खरं सांगतो. प्रेसच्या आत हात घालण्याआधी फिटरने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे बाहेरून कुणी मशीन चालू करू शकत नाही. काल मी घराला कुलूप लावून खाली उतरलो आणि ते लावलंय का बघायला तीनदा वर गेलो. तिन्ही वेळा लावलेलं होतं. चौथ्यांदा गेलो नाही. खात्री पटली म्हणून नाही, दमलो म्हणून.

तरी मला २४ला जायचं आहे. तारीख पुढे गेली तर मला टूल स्टोअरला बसवतील, खिडकीतून पाने वाटायला. परवा ज्योतीरामचा फोन आला, म्हणाला की राव, ये लवकर, तुझ्या प्रेसला कोण कोण हात लावतंय बघ. पाच महिन्यांत कुणी माझी वाट बघतंय असं पहिल्यांदा वाटलं.

रश्मीला कळवू नकोस. एवढी एक गोष्ट ऐक, बाकी कान धरायचा तुझा हक्क आहेच.

तुझा,
भीमराज


अहमदपूर
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

चि. भीमराज यास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

मी तुझी चहाडी करणार नाही. पण रश्मीने सरळ विचारलं तर खोटंही लिहिणार नाही, आणि ती विचारील. तुला वाटतं त्यापेक्षा तिला जास्त दिसतं.

खिडकीतून पाने वाटण्यात कमीपणा असेल, तर मी तेवीस वर्षं खिडकीतून मुलींना साबण वाटते आहे. पोरी माझ्याकडे तुच्छतेने बघतात असं मला तरी कधी दिसलं नाही. तू एकदा येऊन बघ. तुलाही एक वडी देईन.

माझी चूक मला कळली, ती आधी कबूल करते. मी फोनवर तुला दरवेळी विचारत आले की बरा आहेस ना. त्या 'ना'तच उत्तर भरून ठेवलेलं असतं. त्यावर दुसरं काही म्हणायला फार ताकद लागते आणि ती तुझ्याकडे नव्हती. रश्मीही तसंच विचारत असेल. आम्ही दोघींनी तुला रिकामा रकाना दिलाच नाही, खूण करून दिला.

पण मॅडमनी तसं केलेलं नाही. त्यांनी तुला कोरी वही दिली. त्यांनी गोळी कमी केली ती वहीतल्या माणसाची. त्या माणसाला तिची गरज नव्हतीच. बंद झाली ती मात्र तुझी. आणि त्या माणसाचा दाखला खिशात घालून तू प्रेसमध्ये हात घालायला निघालास. तारीख हवी की हात, हा विचार मी तुझ्यासाठी करू शकत नाही. तू कुलुपाचं मला लिहिलंस, याचा अर्थ तूच तो सुरू केला आहेस.

एवढंच कर. आज शनिवार आहे. हे पत्र पोचेपर्यंत या आठवड्याचं पान भरलेलं असेल तर राहू दे, पण पुढचं भरू नकोस. लिहवलं तर त्या त्या वेळी लिही, नाही तर कोरं ठेव. कोरं पान खोटं नसतं. आमच्या ऑफिसातही कोऱ्या पानावर कुणाला नोटीस मिळत नाही.

धाकटा आहेस म्हणून बोलले. मोठा असतास तरी बोलले असते.

तुझी,
आक्का


रुपीनगर, तळवडे
बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कांस,
सविनय जयभीम. वि. वि.

मॅडमची वेळ शनिवारऐवजी शुक्रवारी, २१ला सकाळी साडेअकराची मिळाली आहे. दवाखान्यातल्या बाईंनी काल संध्याकाळी फोन करून पक्की केली. त्याआधी वेळ मागायला फोन यांनी स्वतः लावला होता. आज शिवजयंतीची सुट्टी, म्हणून लिहायला बसले.

सोमवारी तुमचं पत्र आलं. यांनी ते वाचलं, जेवले, भांडी घासायला मदत केली, आणि मग वही आणि तुमची दोन्ही पत्रं माझ्यासमोर ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी वाचलं. मी सुट्टी टाकली त्या दिवसापासून वहीत तीन कुठेच नव्हते. मला रडू येईल असं यांना वाटलं असावं, पण मला राग आला. मी यांना म्हटलं की मी एक दिवस मागे मागे फिरले, तर त्याची शिक्षा म्हणून दोन महिने मला सात-आठ दाखवत बसलात. आणि मीही वेडी, ती झेरॉक्स काढायला दुकानात रांगेत उभी राहिले. यांनी विचारलं की किती वेळ लागला. मी म्हटलं, दोन गिऱ्हाइकं पुढे होती आणि मी थांबले. तेव्हा हे हसले. मीही हसले, पण राग गेला नव्हता. अजूनही पूर्ण गेलेला नाही.

तुमच्यावरही थोडा आहे. सहा तारखेपासून तुम्हाला ठाऊक होतं आणि मी रोज डब्यासाठी नवा टिफिन बघत होते. तुम्ही का थांबलात ते कळतं, तरी लिहिते. मनात ठेवायचं नाही, असं आता या घरात ठरलं आहे.

ठरलं म्हणजे एवढंच. वही यांच्या पिशवीत राहील, टेबलावर नाही. मी उघडणार नाही. दिवसातून एकदा विचारीन, तेही 'ना' न लावता, आणि यांनी सांगायचं नाही म्हटलं तर गप्प बसेन. काल विचारलं. यांनी चार सांगितले आणि कारण सांगितलं नाही. मी कणीक मळत होते, ती मळत राहिले. हात फार घट्ट चालले असावेत, कारण पोळ्या वातड झाल्या.

गोळी पुन्हा सुरू होईल की दुसरं काही, ते मॅडम ठरवतील. दाखला या आठवड्यात मिळणार नाही, हे जवळपास नक्की. म्हणजे २४ तारीख गेली. यांनी काल ज्योतीराम भाऊंना तसं सांगितलं. भाऊ म्हणाले की राव, प्रेस कुठे पळून जात नाही, पण साहेब तुला आधी टूल स्टोअरलाच घेतील, ते डोक्यात धर. हे म्हणाले, धरलंय.

शुक्रवारी हे मॅडमसमोर आधी शनिवारी भरलेली पानं ठेवणार आणि मग सोमवारपासूनची. आत एकट्यानेच जायचं असं म्हणतात. मी बाहेर बाकावर बसणार. आत काय झालं, त्यातलं हे सांगतील तेवढंच मला कळेल. ते मला जमतंय का, तेही शुक्रवारीच कळेल.

माझ्या रागासकट मला आपलं म्हणत राहा.

आपली,
रश्मी