एका तासापुरती आपत्ती जाहीर करणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, मेहकर

अर्जदार : सौ. मंजुश्री प्रसेनजित अवसरमोल, रा. जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलडाणा

विषय : अर्जदाराच्या राहत्या घरी एका तासापुरती आपत्ती जाहीर करणेबाबत.
संदर्भ : गावात वाटलेले पत्रक, ‘आपत्तीसाठी कुटुंबाची तयारी’.

महोदय,

१. अर्जदाराचे सासरे श्री. किसनराव हे टपाल खात्यातून निवृत्त आहेत. एकतीस वर्षे त्यांनी टपालाच्या थैल्यांना लाखेचा शिक्का मारला आणि लेखी आदेशाशिवाय एकही थैली उघडली नाही, हे घरच्यांना रोज जेवताना ऐकावे लागते. मे महिन्यात गावात आपत्तीचे प्रशिक्षण झाले. ते चांगलेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. महत्त्वाचे कागद, टॉर्च, औषधे एका पिशवीत भरून तयार ठेवावीत, असे पत्रकात होते. सासऱ्यांनी संध्याकाळपर्यंत पिशवी भरली, तोंड सुतळीने आवळले, गाठीवर लाख ओतली आणि जुन्या गणवेशाच्या पितळी बटणाचा ठसा उमटवला. हे मात्र पत्रकात कुठेच नव्हते.

२. तेव्हापासून घर पूर्ण सुरक्षित असून कोणालाच काही सापडत नाही. सासूबाई सिंधूताई यांचा जवळचा चष्मा पिशवीत आहे, त्यामुळे त्या निवडताना तांदूळ फेकतात आणि खडे ठेवतात. अर्जदाराच्या पतीचे लायसन्स पिशवीत आहे, सबब ते दारची मोटारसायकल सोडून अमडापूरच्या बाजाराला एसटीने जातात. नखे कापायची कात्रीही आत आहे. ती कोणत्या आपत्तीत लागते, याचा खुलासा झालेला नाही.

३. ११ जून रोजी दुपारी वादळ होऊन स्वयंपाकघरावरची दोन टिनपत्रे उडाली. त्या संकटातही अर्जदाराला आनंद झाला, हे कबूल करणे भाग आहे. सासऱ्यांनी सर्वांना अंगणात काढले, माणसे मोजली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. आता तरी उघडा, असे म्हणताच ते म्हणाले, “तहसीलदार साहेबानं आपत्ती जाहीर केली काय? नाही ना? मंग हे नुसतं वारं-वावधन हाय, सूनबाई.” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “घरावरचे टिनं उडाले, अन् याइले हुकूम पाह्यजे!” पिशवी बंदच राहिली.

४. आता खरी अडचण अशी की, कन्या कु. पायल हिला नर्सिंगला जागा मिळाली असून परवा बुधवारी मूळ कागद दाखवायचे आहेत. न दाखवल्यास जागा दुसऱ्याला जाईल. बारावीची मूळ गुणपत्रिका पिशवीत आहे. पायलने आजोबांपुढे रडून पाहिले. ते म्हणाले, “मले काय काळजी नाही काय? पण शिक्का म्हंजे शिक्का.” आणि स्वतःही डोळे पुसले.

५. पतीने ब्लेड आणले होते. परंतु काल सासूबाईंकडून कळले की, तरुणपणी नाल्याच्या पुरात सासऱ्यांचा शाळेचा दाखला वाहून गेला. दुसरा मिळेपर्यंत कारकुनाच्या जागेची तारीख टळली आणि ते जन्मभर थैल्याच उचलत राहिले. पिशवी भरताना पायलची गुणपत्रिका त्यांनी सर्वांत आधी, तीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. हे ऐकल्यावर अर्जदाराचा राग पार गेला. ब्लेड तिनेच लपवले आहे. शिक्का चोरून फोडला तर पोरीचे काम होईल, पण म्हाताऱ्या माणसाची मान खाली जाईल. ते अर्जदाराला नको आहे.

६. तरी उद्या मंगळवारी सकाळी ११ ते १२ अर्जदाराच्या घरी आपत्ती जाहीर करावी. एक तास जास्त वाटल्यास अर्धाही चालेल. तसा लेखी आदेश श्री. किसनराव यांच्या नावे, गोल शिक्क्यासह द्यावा व “थैली त्यांनी स्वहस्ते उघडावी” असे त्यात लिहावे. आदेशाच्या दोन प्रती द्याव्यात, कारण पहिली प्रत ते महत्त्वाचा कागद म्हणून लगेच पिशवीत ठेवतील.

आदेशाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सौ. मंजुश्री अवसरमोल
दि. १४ जुलै २०२५

सोबत : कागद जोडलेले नाहीत. ते कुठे आहेत, हे वर आलेच आहे.

शेरा (दुसऱ्या अक्षरात) : अर्ज मी वाचला. गुणपत्रिका तीन नव्हे, चार प्लॅस्टिकमध्ये आहे. आदेश कृपया लवकर द्यावा. पोरीची एसटी बुधवारी सकाळी सातची आहे. — किसनराव