चौसष्ट एकर

॥ श्री ॥

झरी, जि. परभणी
कार्तिक वद्य एकादशी, १९८६

प्रिय चतुरा,

तुझं पार्सल बुधवारी पोचलं. दोन मऊ सुती झंपर, अर्धा किलो खारीक, देवीचा अंगारा आणि इस्पितळाची चिठ्ठी. रजिस्टर करायला तू साडेअकरा रुपये घातलेस. कोणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती दिलं असतंस तर तेवढ्यात तुझ्या घरी साखर आली असती. असो. झंपर मापात आहेत. डाव्या बाजूला जरा सैल शिवलेत, ते तू समजून केलंस. अंगारा रोज लावते.

चिठ्ठी मी दोनदा वाचली. उत्पन्नाचा दाखला आणल्याशिवाय, नाही तर पैसे भरल्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळणार नाही. तू माझ्यासाठी त्या खिडकीशी खेटे घालतेस, पण ते तेच सांगणार. चूक तिथली नाही, आमच्या घरची आहे, आणि ती तुला अजून कोणी सांगितलेली नाही.

भादव्यात परभणीच्या डॉक्टरांनी माझ्या छातीतली गाठ पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे इथं व्हायचं नाही. मुंबईला न्या, महिन्याच्या आत काढून टाका." मनमाडला गाडी बदलून, डब्याच्या दारापाशी गाठोड्यावर बसून आम्ही मुंबईला तुझ्याकडे आलो. इस्पितळात तू मला बाकावर बसवून पाणी आणायला गेलीस, तेवढ्यात यांचा नंबर लागला. खिडकीतल्या माणसानं साधं विचारलं, "शेती किती?" यांनी पटका सारखा केला. "चौसष्ट एकर. आमच्या शिवारात एवढं दुसऱ्या कोणाचं न्हाई." तो माणूस म्हणाला, "वा, मग जमीनदारच की तुम्ही!" हेही खुशीत हसले. आणि आमचा कागद पैसेवाल्यांच्या गठ्ठ्यात गेला.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. परक्यानं जमीन विचारली की भावाभावांची मिळून सांगायची. नुसती आपल्या वाट्याची सांगितली तर घर फुटलं असं ऐकणारा समजतो. चौघे भाऊ, त्यात निम्मी जमीन बरड. वर्षाचं धान्य घरात आलं की आम्ही देवाला नारळ फोडतो, एवढीच आमची श्रीमंती. हे खिडकीला कसं कळावं?

मग हे दाखल्यासाठी तहसीलला गेले. सातबारा काढला, तर थोरले म्हणून सगळ्या जमिनीवर यांचंच नाव. एवढ्या जमिनीच्या धन्याला कमी उत्पन्नाचा दाखला कोण देणार? तलाठी म्हणाला, वाटणी करा, नावं वेगळी करा, मग बघू. पैसे भरायचे म्हटलं तर चौघांचा मिळून सगळा कापूस घालावा लागेल, आणि त्या कापसावर बाकीच्या तीन घरांचं वर्ष आहे. वाटणीचं बोलणं निघालं तेव्हा माणिकराव, माझे धाकटे दीर, भरल्या ताटावरून उठले. "वहिनी, एका गाठीपायी घर फोडता का? आमचे बापू मरताना काय म्हणले होते, इसरल्या का?" जाऊबाई हळूच म्हणाली, "बाईंना काय झालंय? लय चांगल्या दिसायल्यात की." हे उठून ओट्यावर जाऊन बसले.

आता संक्रांत झाल्यावर पुन्हा विषय काढू, असं हे म्हणतात. मी हो म्हणाले. भादव्यात गाठ बोराएवढी होती, आता आवळ्याएवढी आहे. वरची कातडी आत ओढल्यासारखी झाली आहे. काखेतही काही हाताला लागतं. दुखत मात्र नाही. दुखत नाही म्हणूनच घरात कोणाला घाई नाही. पोथी वाचताना मन लागत नाही, एवढंच.

चतुरा, हे सगळं मी पैशासाठी लिहीत नाही. त्या दिवशी आतल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, "आईला, बहिणीला कधी असं झालं होतं?" मी नाही म्हणून सांगितलं. आपल्या आईला गळू झालं होतं असंच आपण जन्मभर म्हणत आलो. जवसाचं पोटीस बांधायचो, आज फुटेल उद्या फुटेल म्हणायचो. ते फुटलं तेव्हा तुला मामाकडे पाठवलं होतं, म्हणून तू पाहिलं नाहीस. तिच्या पट्ट्या मी बदलत होते. आता आंघोळीच्या वेळी माझ्या अंगाकडे बघते आणि मला तिचं अंग दिसतं. ते गळू नव्हतं गं. तिचंही आधी दुखत नव्हतं. तू त्या इस्पितळापासून पायी जाण्याच्या अंतरावर राहतेस, आणि तू तिचीच लेक आहेस. उद्याच जा. डॉक्टरीणबाईंना आईचं सगळं सांग आणि स्वतःला तपासून घे. खिडकीत विचारतील तेव्हा तुझ्या रंगनाथरावांना पगार आहे तेवढाच सांगायला लाव. मग मला उलट टपाली कळव. 'सर्व खुशाल' लिहू नकोस. तुला गाठ आहे की नाही, एवढंच लिही.

तुझीच,
अक्का