स्वच्छ प्रत

बंगळूर, ८ जून १९९८

आज रुजू झाले. चाळिशी उलटल्यावर धारवाडच्या कॉलेजातली ग्रंथपालाची सवयीची खुर्ची सोडणं शहाणपणाचं का, हा प्रश्न गाडीत सारखा सोबत होता. यशवंतपूरला उतरले आणि उगाच हलकं वाटलं. स्टेशनामागच्या गल्लीत इथल्या जुन्या मराठी मंडळाची इमारत आहे. वरच्या मजल्यावर ध्वनिसंग्रह: कीर्तनं, व्याख्यानं, घरोघरची गाणी, सगळं मोठ्या स्पूलच्या टेपांवर. सचिव त्रिविक्रमराव गडगडाटी आवाजाचे. पहिल्याच भेटीत मला अक्का करून टाकलं आणि विचारलं, की शंभर वर्षांनी माझी भाषणं वाजली नाहीत तर जाब विचारायला कुठे येऊ?

टेपा संगणकात उतरवायच्या, सीडी करायच्या, आणि त्या सीडीही जुन्या झाल्यावर पुढे काय, याचा आराखडा लिहायचा, हे माझं काम. खोली जवळच मिळाली. लेकीला, रक्षिताला, एसटीडी बूथवरून कळवलं. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच; आता ती धारवाडला वसतिगृहात. आम्हा दोघींचं घर म्हणजे हा फोनच.

१९ जून

आराखड्यात पहिला नियम लिहिला: टेप आधी आहे तशी उतरवायची, खरखरीसकट. साफसफाई करायची ती त्या प्रतीच्या प्रतीवर. जुन्या टेपेवरचा मसाला, आवाज धरणारा थर, सुटतो, एखादी एकदाच वाजते आणि संपते. तंत्रज्ञ सुब्बाराव म्हणाले, अक्का, स्वल्प हळू घ्या, इथे यंत्र चालू होतं हीच देवाची कृपा.

आज त्रिविक्रमरावांच्या एका सत्कारभाषणाखाली एक बाई ऐकू आली. अगदी तळाशी. पाळणा म्हणत होती.

सुब्बारावांनी आधी उडवाउडवी केली. मग दार लोटून सांगितलं. ती तानूबाई. निपाणीकडची, इथल्या घाऊक बाजारात धान्य पाखडायची. तिचे पाळणे तिच्या आईचे, आजीचे. दुसऱ्या कुणाला येत नव्हते. यंत्राला गाणं दिलं की ते गळ्यात राहत नाही, अशी तिची समजूत. त्रिविक्रमरावांनी तिला शब्द दिला, की इथे ते कायमचं राहील. ती गायली. पुढे कोऱ्या टेपा मिळेनात म्हणून तिच्याच टेपांवर यांची भाषणं चढवली. बटण सुब्बारावांनी दाबलं. ती ऐकायला आली तेव्हा सांगितलं, टेपा बुरशीने गेल्या. तिला पुन्हा गाता आलं नाही म्हणतात. पायरीवर बसून एवढंच म्हणायची, की माझा गळा परत द्या. मग एक दिवस आली नाही.

२६ जून

त्रिविक्रमरावांशी बोलले. तळचा आवाज जपायला हवा, म्हटलं. ते हसले. म्हणाले, अक्का, ते गाणं नव्हे, मळ आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाला माझ्या भाषणाची स्वच्छ सीडी वाटायची आहे. शिपायाकडे वळून विचारलं, काय रे, सत्काराला पाळणा लावू का?

घरी येईपर्यंत मनात एकच: या माणसाचं वाईट व्हावं. असं मी कुणाबद्दल चिंतत नाही. आज चिंतलं.

३ जुलै

हे लिहायलाच हवं. उत्सवाची घाई, मागे त्रिविक्रमराव उभे. टेप लावली. काळी भुकटी सांडत होती, म्हणजे पुन्हा वाजणार नव्हती. उतरवलेली फाइल थेट साफ केली आणि मूळ फाइलवरच, त्याच नावाने, जतन केली. आहे तशी प्रत केली नाही. माझाच नियम. घाई म्हणू? की त्यांना नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणू? मशीन थांबलं, भाषण लख्ख ऐकू आलं, आणि तळाशी काहीच नव्हतं.

त्यांनी तिला झाकलं होतं. पुसलं मी.

१२ जुलै

सुवर्णमहोत्सव. सभागृह भरलेलं. त्रिविक्रमराव माइकपुढे उभे राहिले, तोंड उघडलं, आणि कोऱ्या टेपेची सरसर ऐकू आली. लोकांना माइक बिघडला वाटला. सुब्बारावांनी माइक काढून घेतला, तरी सरसर थांबेना. ती त्यांच्या गळ्यातून येत होती.

सगळे धावले. मी जागेवर बसून होते. मला हसू आलं. रुमाल तोंडाला लावावा लागला.

१५ जुलै

डॉक्टरांना काही सापडत नाही. वाटलेल्या सीड्या परत येताहेत. भाषण नाही, पाळणा आहे, स्वच्छ, खणखणीत. मी पुसलेला. माझ्या संगणकातही तोच. जोंधळ्याच्या राशीवर निजली माझी मैना.

मनात म्हटलं, बरं झालं बाई, घेतलंस आपलं.

१७ जुलै

सुब्बारावांचाही आवाज गेला; आज खुणांनीच बोलत होते. मग थांबले आणि माझ्याकडे बोट दाखवून रडू लागले. बटण त्यांनी दाबलं होतं. पण पुसलं कोणी?

१९ जुलै

रविवार. बूथ. नंबर लागला, मी रक्षिताला हाक मारली. तिने विचारलं, कोण आजी? पुन्हा बोलले. ती नम्रपणे म्हणाली, आजी, माझ्या आईकडे द्या ना फोन. मी ओरडले, की मीच आहे. बूथवाला म्हणाला, अम्मा, छान गाता तुम्ही.

मला माझा आवाज नीट ऐकू येतो. फक्त मलाच.

२१ जुलै

तानूबाईला विनवलं. रिकाम्या खोलीत, भर दुपारी. चूक कबूल केली, पाया पडले. माझा आवाज घे, पण पोरीला हाक मारण्यापुरता ठेव, म्हटलं. उत्तर म्हणून माझ्याच तोंडून पाळणा. आता तो मलाही ऐकू येतो. खाली, अगदी तळाशी, मी आहे अजून—

२२ जुलै

घरमालकीण शिवलीलाबाईंनी सांगितलं, धारवाडहून फोन होता, लेक घाबरली आहे, उद्या रात्री निघते आहे. सरी, म्हणजे बरं, असं लिहून दाखवायला गेले. कागदावर पाळण्याची ओळ उमटली. तानूबाईला तर लिहिता येत नव्हतं—

येऊ नकोस, अशी तार करायला गेले. ये, असं लिहिलं गेलं. ये गं, लवकर. मी तसं लिहिलं नव्हतं—

२३ जुलै

एक प्रत माझ्यात झाली आहे. मी म्हातारी होईन. मग तिला कोण—

रक्षिताचा गळा गोड आहे. लहानपणापासून—

नको. तिचा नको. पाप माझं—

सकाळ

जिन्यावर पावलं. तिचीच. दार आतून लावलंय. तोंडात पदर कोंबलाय तरी पाळणा चालूच आहे—

ती दाराबाहेर थांबलीय. हाक नाही. ऐकतेय—

रक्षिता परत जा कान झाक ऐकू नकोस हे गाणं नाही हे

ती गुणगुणतेय. पुढची ओळ. मी तिला कधी शिकवली नाही, ती पुढची ओळ बरोबर—

दार उघडायला माझा हात