पहिल्या रांगेतलं बीपी

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
सोमवार, २ फेब्रुवारी

ती. श्रीपाददादास,

सीमंतिनीचा वाकून नमस्कार. (वाकून हे कागदापुरतंच धर.) तुझा खोकला थांबला का, वहिनींनी दाढ काढली की अजून लवंगेवरच चाललंय, आणि मी पाठवलेली मुरैन्याची तिळाची गजक त्यांनी त्याच दाढेने खाल्ली का, हे सविस्तर कळव. इकडे थंडी अजून हटायला तयार नाही. मागच्या तिन्ही फोनवर तू माझ्या तब्येतीचं तेच तेच विचारत होतास, तर माझी तब्येत उत्तम आहे आणि तो विषय इथे संपला. फोन न करता पत्र लिहितेय ते अशासाठी, की मी बोलायला लागले की वहिनी स्पीकर चालू करतात आणि मग मी भावाशी बोलतेय की निम्म्या इंदूरशी, हेच समजत नाही. आजचं बोलणं निम्म्या इंदूरसाठी नाही. चार दिवस मी इतकी संतापले आहे की पोळ्यासुद्धा जाड होताहेत.

आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये (नई सडकेच्या मागचा, तुझी मुंज झाली तोच) मी रोज सकाळी साडेसहाला योगवर्ग घेते, त्याला येत्या चैत्रात चार वर्षं होतील. सदतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे मला समोरच्या माणसाआधी त्याचा सांगाडा दिसतो, त्याला माझा इलाज नाही. इतर वर्गांत बाई माइकवर ‘हात वर, हात खाली’ म्हणतात आणि चाळीस माणसं हात वर-खाली करून घरी जाऊन कचोरी खातात. माझ्याकडे तसलं चालत नाही. शालिनीताईंचा उजवा गुडघा वज्रासनात कुरकुरतो हे त्यांच्या आधी मी ऐकलं आणि त्यांना खुर्ची दिली. गरिमा म्हणून एक बँकेतली मुलगी येते, दिवसभर मान खाली घालून बसणारी. तिला मी दोन महिने फक्त खांदे सैल सोडायला शिकवलं, दुसरं काही नाही. प्रत्येक शरीर वेगळं असतं, दादा, आणि शिकवणाऱ्याने ते बघितलं नाही तर योग म्हणजे नुसती कवायत. हे तुला सांगायला नको, तू चाळीस वर्षं लोकांना तपासतो आहेस.

पण बघायचं कसं? आपले लोक कसे बसतात ते ठाऊक आहे ना! हॉलमध्ये आठ-आठ चटयांच्या चार रांगा. कोणी कुठे बसायचं हे कधी कोणी ठरवलं नाही, बोललं नाही, लिहिलं नाही, तरी प्रत्येकाला आपली फरशी माहीत. पहिल्या रांगेत मधोमध कृष्णराव, मंडळाचे अध्यक्ष, कारण त्यांच्या खापरपणजोबांकडे दरबारातल्या अत्तरगुलाबाची व्यवस्था होती. उजवीकडे लक्ष्मीकांत, त्यांच्या घराण्याकडे पंचांग. मग ज्याचे पूर्वज दरबारात जितके लांब उभे राहत, तितकी त्याची चटई मागे. कृष्णराव दोन महिने मुलाकडे अमेरिकेत गेले, तर तेवढी फरशी दोन महिने रिकामी राहिली आणि लोक तिच्या कडेकडेने चालत. बरं, कृष्णरावांचं पुढे वाकणं मांडीच्या मध्यावर थांबतं. मागचे सगळे त्यांना बघून करतात, त्यामुळे अख्खा वर्ग मांडीच्या मध्यावर थांबतो. आणि ज्यांच्याकडे खरोखर लक्ष द्यायला हवं ते चौथ्या रांगेत, चपलांच्या मांडणीपाशी, जिथे मला फक्त स्वेटर दिसतात.

म्हणून जानेवारीत मी वही काढली. नाव, वय, दुखणं, चालू औषधं. (वयाच्या रकान्यात सहा जणींनी ‘योग्य’ असं लिहिलं आहे.) दुखण्याच्या रकान्यात बत्तिसांपैकी तेवीस जणांनी ‘काही नाही’ लिहिलं. ठीक. मी नव्या रांगा जाहीर केल्या : बीपी आणि हृदयाचे माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेत, गुडघे दुसऱ्या, पाठी तिसऱ्या आणि ज्यांना काही नाही ते शेवटच्या. कोणाचा गैरसमज नको म्हणून वही उघडून नाव, दुखणं आणि रांग असं सगळं ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं. कृष्णरावांना काही नव्हतं. ते चटई घेऊन चपलांच्या मांडणीपाशी गेले, तेव्हा हॉलमध्ये जी शांतता पसरली ती शवासनातही कधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कृष्णरावांना बीपी झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मीकांतांना. मी पुरावा मागितला तर त्यांनी हृदयाच्या आलेखाचा कागद आणला, त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव. विचारलं, तर म्हणाले, ‘आमच्या घराण्यातच आहे.’ शालिनीताईंनी आपला खराखुरा दुखणारा गुडघा टाकून दिला आणि बीपी घेतलं! त्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत पहिल्या रांगेत आठाच्या जागी चौदा चटया, कोणाचं बीपी जुनं यावरून दोघांत बोलणं बंद, आणि गुडघ्यांच्या रांगेकडे सगळे असे बघायला लागले की बिचारे गुडघेवाले लंगडायचेसुद्धा बंद झाले. मी वर्ग घेत होते की लग्नातली पंगत, देव जाणे.

आणि या सगळ्यात ज्यांना खरंच बीपी होतं ते उमाजी पिसाळ शेवटच्या रांगेत. बिर्ला नगरला राहतात, गिरणी बंद पडेपर्यंत तिथे मागावर होते, पणजोबा घोडदळात. बाहत्तर वर्षांचा माणूस थंडी-धुक्यात सायकलवर येतो, चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. वहीत त्यांनी लिहिलं होतं ‘एकदम फिट’. गेल्या मंगळवारी मी सर्वांगासन घेतलं, बीपीवाल्यांना ते वर्ज्य. पहिली रांग, चौदाच्या चौदा, आडवी पडून आरामात श्वास घेत होती आणि मी त्यांच्या नाड्या बघत फिरत होते. मागे उमाजी पाय वर करून. ते खाली आले, ताडकन उभे राहिले आणि झुलायला लागले. गरिमा ओरडली, ‘मॅडम, अंकलला चक्कर येतेय, पकडो, पकडो!’ पण मला त्या चौदा निरोगी देहांवरून उडी मारता येईना. मी पोचेपर्यंत ते चपलांच्या मांडणीवर आपटले आणि वर पाण्याचं मडकं फुटलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मोजलं, एकशे नव्वद-एकशे दहा. पाच वर्षांपासून आहे म्हणे. फार लागलं नाही हे नशीब. पण खरं सांगते, तो माणूस ओल्या फरशीवर पडलेला बघून मी रडलेसुद्धा, कोणाला दिसलं नसेल.

शुक्रवारी मंडळाची बैठक झाली आणि दोष कोणाचा? माझा! म्हणे मी लोकांना घाबरवलं, म्हणे शंभर वर्षांची बसायची पद्धत मोडली. तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून सांगितलं की यापुढे प्रत्येकाने डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणायचं, बीपीचा आकडा त्यात पाहिजे, ज्याचं येणार नाही त्याला हॉलमध्ये पाऊल टाकू देणार नाही. कृष्णरावांनी तो ठराव शांतपणे वहीत लिहिला, चष्मा पुसला आणि शेवटी एक शब्द घातला : ‘शिक्षिकेसह’. येत्या रविवारी, आठ तारखेला, सगळी प्रमाणपत्रं मंडळात जमा व्हायची आहेत. माझं आलं नाही तर वर्ग माझ्याकडून काढून घेणार आणि भिंतीवर पडदा लावून व्हिडिओ दाखवणार! व्हिडिओतली ती बाई शालिनीताईंचा गुडघा ऐकणार आहे का? उमाजींना ‘सावकाश उठा’ म्हणणार आहे का? या वर्गाशिवाय माझ्या सकाळी काय उरतं, हेही कोणाच्या मनात आलं नाही.

काल मी बिर्ला नगरला उमाजींकडे गेले. चांगलं झाडायचं असं ठरवूनच गेले होते. म्हटलं, चार वर्षं मी तुमचा मणका न् मणका ओळखते आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात? ते खाटेवर बसले होते, हसले. म्हणाले, ‘ताई, तुम्ही सगळ्यांच्या समोर विचारलं न. एकट्यात विचारलं असतं, तर मी सांगून दिलं असतं. आणि पुढे त्या लोकांच्या बराबर जाऊन बसायचं, ते पण बीमार म्हणून? आमच्याने नाही होत.’ मी झाडायचं विसरले. (मी, दादा!) वर त्यांनी चहा पुढे करत आणखी एक गोष्ट विचारली, जी एका शिष्याने गुरूला विचारणं मला अत्यंत उद्धटपणाचं वाटलं. म्हणाले, ‘आणि ताई, दिवाळीपासून तुम्ही स्वतः सर्वांगासन करून नाही दाखवत. गरिमाकडून करवता. खाली वाकता, तर आधी खिडकी पकडता. मागच्या रांगेतून सगळं दिसतं.’

मी चहा अर्धा टाकून निघून आले. शिक्षिकेने काय करून दाखवायचं आणि खिडकी कुठे धरायची हे आता चपलांपाशी बसणारे ठरवणार! तर असं हे गाव आणि अशी ही माणसं. रोग लपवणारी, रोग उसने आणणारी, एका आकड्यापुरतंही खरं न बोलणारी. इतकं खोटं मी आयुष्यात पाहिलं नाही आणि माझा लोकांवरचा विश्वास साफ उडाला आहे. वहिनींना नमस्कार.

तुझी,
सीमंतिनी

ता. क. : तुझ्या दवाखान्याच्या कागदावर मला एक प्रमाणपत्र हवं आहे. ‘मी यांना तपासलं असून या संपूर्ण निरोगी आहेत’ एवढंच, बाकी पाल्हाळ नको. बीपी एकशे वीस-ऐंशी लिहू नकोस, कृष्णरावांना संशय येईल; एकशे चोवीस-ब्याऐंशी लिही. दिवाळीत तू मोजलं होतंस ते मोजण्यात धरू नये असं माझं मत आहे, कारण त्या दिवशी मी चकल्या तळत होते. शुक्रवारपर्यंत फोटो काढून फोनवर पाठव, मूळ कागद मागून आला तरी चालेल.

ता. क. दुसरा : तेव्हा तू दिलेल्या गोळ्या सकाळी घ्यायच्या की रात्री? उमाजींना सांगायचं आहे असं समज. पाकीट अजून फोडलेलं नाही, मुदत आहे.

ता. क. तिसरा : पाकिटाला डिंक लावत होते तेवढ्यात गरिमा येऊन गेली. कृष्णरावांचं प्रमाणपत्र आलं, बीपी एकशे अठरा, म्हणजे त्यांना पुन्हा चपलांच्या मांडणीपाशी जावं लागणार. ते सकाळपासून कोणाशी बोललेले नाहीत. आणि उमाजींनी निरोप पाठवला आहे : ‘ताईंना सांग, मी पहिल्या रांगेत बसेन, पण बाजूला एक तरी खरं बीपीवालं पाहिजे. एकटा नाही बसणार.’ मेल्याने सगळं ओळखलं आहे. तेव्हा दादा, पहिल्या ता. क.मधलं काही करू नकोस. (ते खोडायला गेले तर मागचं पान वाचता येणार नाही, आणि तो संताप मला हवा आहे.) दिवाळीचा आकडा होता तोच लिही, एकशे शहात्तर-शंभर, चकल्यांचा उल्लेख न करता. फक्त अक्षर तुझं नेहमीचं डॉक्टरचंच काढ. उमाजींना मी वाचून दाखवीन, त्यांना एकट्यांना. कृष्णरावांना ते अक्षर लागता कामा नये.