नववी ‘ब’चा पॅसिव्ह व्हॉइस

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. मुख्याध्यापिका पुष्पलताबाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. यंदा संस्कृत घेणारी मुलं एका बाकावर मावतात, आणि तो बाकही तीन पायांचा आहे. म्हणून नववी ‘ब’चं इंग्रजी मला. त्या वर्गाचा वर्गशिक्षक मीच.

पुढे म्हणाल्या, पाच डिसेंबरला विस्तार अधिकारी येणार. “सर, वर्ग भरलेला दिसला पाहिजे. नाहीतर एक शिक्षक जास्त ठरेल, आणि तो कोण ते मला सांगायला लावू नका.”

लावलं नाही. जास्त ठरलेल्याला मोखाड्याकडे पाठवतात. मी राहतो बोईसरला, शाळा पालघरला, सौ.ची नोकरी तारापूरच्या कंपनीत. मोखाडा यातल्या कशाच्याच वाटेवर नाही.

अर्थात वर्ग भरणं हा तपशील. पाठ हा प्राण. पाठ असा घ्यायचा की अधिकाऱ्याने खुर्ची पुढे ओढावी.

संकल्प : महिनाभरात इंग्रजी व्याकरण मुळापासून.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मुळापासून करण्याइतकं त्यात काही नाही. पाठासाठी धडा निवडला, ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस. हे आपलं कर्तरि आणि कर्मणि. रामो रावणं हन्ति, रामेण रावणो हन्यते. कर्ता तृतीयेत गेला, कर्म प्रथमेत आलं, संपलं. इंग्रजांना यासाठी ‘बाय’ नावाचा वेगळा शब्द नेमावा लागला. विभक्ती नसलेल्या लोकांचे हाल.

पुस्तकाची चाळीस पानं बाकी होती. वाचली नाहीत. गरज दिसली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वर्षाराणी म्हणाली, “अहो, मी दाखवू का? आमच्या लॅबमध्ये सगळं पॅसिव्हमध्येच लिहितात. सॅम्पल वॉज टेकन, सॅम्पल वॉज हीटेड.”

विचारलं, सॅम्पल घेतलं कुणी?

“तेच तर. सांडलं तरी कळत नाही कुणी सांडलं. म्हणून तर लिहितात तसं.”

हे लॅबपुरतं ठीक. मी बारा वर्षं पाणिनी केला आहे. बायकोकडून ‘वॉज’ शिकणं बरं दिसत नाही. नको म्हटलं. तिनं टीव्ही लावला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मोठा शोध. इंग्रजीत भावे प्रयोगही चालतो, पण त्यांच्या पुस्तकवाल्यांनी तो दिलेला नाही. मया सुप्यते. इट इज स्लेप्ट बाय मी. मया बोईसरं गम्यते. बोईसर इज गॉन बाय मी. सगळं नियमात बसतं.

शेअर रिक्षात ओठांतल्या ओठांत सराव करत होतो. शेजारचा कंपनीतला पोरगा म्हणाला, “सर, इंटरव्यू है क्या?” हो म्हटलं. “टेन्शन मत लो, थोडा थोडा सबको आता है.” त्याला काय कल्पना.

वर्गात दिलं. मुलांनी उतरवून घेतलं. नवसीनं विचारलं, “सर, झोपनार मी, तर ‘बाय मी’ कशाला?” पोरगी हुशार आहे. डोंगराकडच्या पाड्यावरून चालत येते आणि बाकीच्यांच्या आधी पोचते. तिला म्हटलं, पुढच्या वर्षी समजेल.

सुट्टीत तिला पुन्हा काहीतरी विचारायचं होतं. वसतिगृहाचं. मी तेव्हा फळा पुसत होतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाठाची रचना पक्की झाली. खिडकीकडची रांग ॲक्टिव्ह, भिंतीकडची पॅसिव्ह. प्रत्येकाला एक वाक्य, समोरच्याला त्याचंच उलटं. मी नुसतं बोट दाखवणार. खिडकीकडून मिथुन उठणार, “राम किल्ड रावण.” भिंतीकडून नवसी उठणार, “रावण वॉज किल्ड बाय राम.” मग पुढची जोडी. मांजरानं दूध प्यायलं, माळ्यानं झाड लावलं, अशी दोन्ही रांगांच्या टोकापर्यंत.

मुलांना वाक्य समजलंच पाहिजे असं नाही. आपली पाळी कितवी ते समजलं म्हणजे पुरे. आम्ही वेदसुद्धा असेच पाठ केले, अर्थ नंतर आला. काहींचा अजून यायचा आहे.

तालमीत एकही चूक नाही. विश्राम शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, “सर, बँडवाल्यांसारखं वाजतंय.”

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तालीम उत्तम.

पुष्पलताबाईंनी हंगामी वसतिगृहाचं विचारलं. डोंगराकडची घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पार पावसाच्या तोंडाला परततात. ज्यांना मुलांना शाळेत ठेवायचं असेल, त्यांच्या मुलांची सोय शाळेच्या मागच्या खोलीत होते, जेवणखाण सगळं. वर्गशिक्षकाने फक्त कालपर्यंत नावं कळवायची होती. ती कळवायची राहिली. तालमीमुळे राहिली, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “सोमवारपर्यंत थांबते. तुमच्याच वर्गातली पोरं आहेत, सर.”

सोमवारी नक्की.

२४ नोव्हेंबर, सोमवार

घसा बसला. दिवसभर हातानेच इशारे केले. आश्चर्य म्हणजे मुलांनी इशाऱ्यावर सगळी वाक्यं बिनचूक म्हटली. रचनेचा विजय.

घसा बसल्यामुळे ऑफिसात गेलो नाही. नावं तोंडी सांगायची असतात.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घसा मंगळवारीच सुटला होता, पण मंगळवारचं सांगणं तसंही उशिराचं झालं असतं. बाईंनी आता पुढे विचारलेलं नाही. म्हणजे काहीतरी व्यवस्था झाली असणार. शाळेत व्यवस्था आपोआप होत असतात.

तालमीनंतर नवसी टेबलापाशी आली. “सर, सोमवारशी मी नाय. भट्टीवर जाया लागल. मिथुन पन नाय.”

इंग्रजीत सांग म्हटलं, तालमीचा तास आहे.

तिनं वही दप्तरात टाकली. मग म्हणाली, “तुमी नाव सांगला का आमचा?”

सांगतो म्हटलं. सांगायचं आहेच. तिनं मान हलवली आणि गेली. पॅसिव्हच्या रांगेत तिचा आवाज सगळ्यात स्वच्छ आहे. अधिकारी तिच्याकडे बघणार, मी आधीच बघून ठेवलं आहे.

१ डिसेंबर, सोमवार

भिंतीकडे चार बाक रिकामे. खिडकीकडे तीन. मिथुन नाही, नवसी नाही, पुढच्या तीन जोड्यांतले कुणी ना कुणी नाही.

वर्गाला विचारलं, हे सगळे कुठे गेले. मागून एकजण म्हणाला, “भट्टीवर, सर. दरसाली जातात.”

दरसाली जातात हे मलाही ठाऊक आहे. यंदा पाठ होता हे त्यांना ठाऊक होतं. आई-बाप असे कसे, एवढा महिनाभराचा सराव टाकून पोरांना न्यायचे. शिक्षणाची किंमत नाही ती नाही.

ऑफिसात गेलो. पुष्पलताबाई म्हणाल्या, मागच्या खोलीत ‘अ’च्या वर्गाची पोरं भरली. भाग्येश सरांनी वेळेत सांगितलं होतं. भाग्येश सर ‘अ’चे वर्गशिक्षक, वयाने लहान, त्यांना तालमी घ्याव्या लागत नाहीत.

३ डिसेंबर, बुधवार

नवी रचना. जे आहेत त्यांनी सरकून रिकामे बाक भरायचे. ज्याचं वाक्य गेलं त्याचं शेजाऱ्याने घ्यायचं. सकाळपासून तेच. मुलं गोंधळली. एकजण म्हणाला, “सर, मी आदी माळी होतो, आता मांजर हाय का?” दुसरा म्हणाला, “तू दूध हायस.” वर्ग पंधरा मिनिटं हसत होता. मीसुद्धा थोडा हसलो असेन, म्हणून ते थांबले नाहीत.

घरी वर्षाराणी म्हणाली, “अहो, ती पोरं परत आणता येत नाहीत का? एका दिवसापुरती नाही. कायमची.”

पाठ होऊ दे, मग बघू.

५ डिसेंबर, शुक्रवार

अधिकारी साडेअकराला आले. साधा माणूस, डोक्याला रुमाल, धुळीतून मोटरसायकलवर आलेला. मी खुर्ची पुढे करून ठेवली होती. बसले नाहीत.

मी बोट दाखवलं. खिडकीकडून एकजण उठला, “द कॅट ड्रँक द मिल्क.” भिंतीकडून पाळीप्रमाणे उठला तो म्हणाला, “रावण वॉज किल्ड बाय राम.”

मी खोकलो. पुढची जोडी. “द गार्डनर प्लांटेड द ट्री.” उत्तर आलं, “द मिल्क वॉज ड्रंक बाय द कॅट.” प्रत्येकाचं वाक्य निर्दोष होतं, एकही चूक नव्हती. फक्त सगळी उत्तरं एकेक घर मागे होती. मी हात वर केला, थांबवण्यासाठी. मुलांनी तो इशारा समजून वेग वाढवला.

अधिकारी शांतपणे म्हणाले, “ठीक आहे सर, रावण गेला. आता पोरांना उभं करा. मी मोजायला आलोय.”

पाठ ऐकायला नव्हे. डोकी मोजायला. त्यांनी बोटाने मोजली, मग रिकाम्या बाकांपाशी थांबले आणि विचारलं, हे कुठं. मागचा तोच पोरगा म्हणाला, “भट्टीवर.” अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “वसतिगृह आहे ना तुमच्याकडे?”

आहे म्हटलं.

६ डिसेंबर, शनिवार

एकूण विचार करता पाठ वाईट झाला नाही. उच्चार स्पष्ट होते.

झोप आली नाही. हे भावेत लिहिलं तरी तेवढीच आली नाही.

८ डिसेंबर, सोमवार

पुष्पलताबाईंना म्हटलं, अधिकाऱ्यांनी पाठाबद्दल काही लिहिलं का. म्हणाल्या, “सर, त्यांना तुमचा पाठ आठवतसुद्धा नसेल. मी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, वर्ग भरलेला पाहिजे.”

सांगितलं होतं. मी ते अलंकारिक अर्थाने घेतलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

नववी ‘ब’ पुरेशी भरत नाही. ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र करणार. एकत्र वर्गाचं इंग्रजी भाग्येश सर. एक शिक्षक जास्त.

मोखाडा. नव्या वर्षात रुजू.

वर्षाराणी कामावरून आली तेव्हा सांगितलं. तिनं चप्पल काढली, पंखा लावला, बसली. मग विचारलं, तिथे जेवायचं काय करणार. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मला बरीच उत्तरं देता आली असती.

मुख्य म्हणजे यात माझी चूक कुठे होते ते दिसत नाही. मुलं गेली, खोली भरली, वर्ग कमी झाला, आदेश निघाला. सगळं झालं, एवढंच.

१८ डिसेंबर, गुरुवार

आशा आहे. बाई म्हणाल्या, डोंगराकडची पोरं परत बसली, निदान निम्मी, तर फेरमोजणी मागता येईल. रविवारी विश्रामला घेऊन भट्टीवर जाणार. त्याला जागा माहीत आहे, मनोरच्या पुढे वाड्याच्या रस्त्याला. बाईंनी मागच्या खोलीत दोन जागा करायचं कबूल केलं. नवसी आणि मिथुन. बाकीचे त्यांना बघून येतील.

स्वच्छ शर्ट काढून ठेवला. आई-बापांशी कसं बोलायचं ते मनात पक्कं केलं. मुलांचं भविष्य, शिक्षण, मग हळूच फेरमोजणी.

२१ डिसेंबर, रविवार, रात्री

भट्टी मोठी आहे. कच्च्या विटांच्या रांगा, मधून चिखल, पलीकडे धूर. नवसी दिसली. डोक्यावर फळी, फळीवर ओल्या विटा. माझ्याकडे पाहिलं, थांबली नाही. थांबली असती तर विटा पडल्या असत्या. मिथुन आई-बापांबरोबर गुजरातकडे गेला, तो नव्हताच.

तिची आई मैनाबाई आली. हात चिखलाने भरलेले, म्हणून कोपराने पदर सावरला. “सर आले. बसा सर.” बसायला विटाच होत्या. विश्राम बसला. मी उभा राहिलो.

मुलीला घेऊन जायला आलो म्हटलं. खोलीत जागा आहे, जेवण आहे.

बाई म्हणाली, “आता? आता नाय जमायचा. ती विटा नेते म्हनून मी साचा मारते. तिच्या बापाची पाठ गेली. मुकादमाला दोन मानसा सांगितली, दोन पायजेत.” मग म्हणाली, रागाने नाही, जसं भाकरी झाली का विचारतात तसं, “दिवालीआदी तीच म्हनत होती, आये, मी शालंत राहीन, सर नाव सांगतील. म्हनून आमी पंधरा दीस उशिरा निंगालो. वाट बघली. तुमचा काय आलाच नाय.”

राहून गेलं म्हटलं.

“कोनाच्यानं?” बाईनं विचारलं.

तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. तिला वाटत असावं, वरच्या कुणा साहेबानं अडवलं. मी सांगायला लागलो. की कळवायची एक मुदत असते, मध्ये पाठाची तयारी होती, त्यात घसा बसला, आणि खोलीची क्षमता. मुकादमानं तिकडून हाक मारली. बाई म्हणाली, “येते सर,” आणि साच्याकडे गेली. नवसी दुसरी फळी घेऊन समोरून गेली. या वेळी तिनं पाहिलं नाही.

राहिलेलं स्पष्टीकरण रस्त्यापर्यंत चालताना विश्रामला ऐकवलं. ते बऱ्यापैकी पटण्यासारखं आहे, मला बोलताना जाणवलं. तो ऐकत होता. पालघरच्या गाडीत बसल्यावर म्हणाला, “सर, मला नका सांगू. मी शिपाय हाय.”

मग खिडकीकडे तोंड करून झोपला. मी पालघर येईपर्यंत बाकीचं मनातच पूर्ण केलं.